जोडीचे गुण

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी साडेबाराला मी पहिल्यांदाच ऋजुताला आणायला शाळेत गेलो, तेव्हा फळ्यावर लिहिलेलं होतं : ऋजुता-लावण्या, २९.

पन्नासपैकी एकोणतीस. वर आणि खाली मिळून आणखी दहा जोड्या होत्या. डॉक्टर बलदवांच्या मुलाच्या जोडीपुढं एक्केचाळीस होते. हे मी मुद्दाम पाहिलं नाही, पण माझी नजर चांगली होती.

"बाई, हे एकोणतीस कुणाचे?"

बिराजदार बाई पदराला लागलेला खडू झटकत होत्या. "दोघींचे, सर."

"म्हणजे मुळात कुणाचे?"

"जिला कमी पडले, तिचे. पण आता दोघींचे."

बाईंची ही पद्धत होती. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासाला बावीस मुलं बसत. जूनमध्येच बाईंनी चिठ्ठ्या टाकून त्यांच्या अकरा जोड्या लावल्या होत्या. दर शनिवारी चाचणी. पेपर ज्यानं त्यानं आपापला सोडवायचा, पण फळ्यावर जोडीपुढं एकच आकडा यायचा, दोघांपैकी जो कमी असेल तो. कुणाचा तो, ते लिहायचं नाही. तपासलेले पेपर मुलांना वर्गात दाखवून बाई कपाटात ठेवायच्या, घरी द्यायच्या नाहीत.

"वही बघता का?" बाई म्हणाल्या. "प्रत्येकाचे वेगळे मांडलेत मी. पालकांना दाखवायची नाही असं ठरवलंय, पण तुम्हाला फारच वाटत असेल तर..."

"छे, छे. गरज नाही बाई. बाप आहे मी. मला कळतं."

बाईंनी वही पुन्हा कपाटात ठेवली. त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं, असं आता वाटतं. तेव्हा त्या माझ्या मोठेपणाचं कौतुक करताहेत असं वाटलं होतं.

मी त्या वेळी सोलापुरातल्या एका वाणिज्य महाविद्यालयात सहकार शिकवत असे. लोकांना हे खरं वाटत नाही, पण सहकार नावाचा विषय होता आणि त्याचा शंभर मार्कांचा पेपर असे. माझ्या पिवळ्या पडलेल्या नोट्स मी दरवर्षी त्याच क्रमानं उतरवून देत असे आणि मुलं त्या दरवर्षी त्याच क्रमानं परीक्षेत लिहीत. जूनच्या पालकसभेत बाईंनी जोडीची पद्धत समजावून सांगितल्यावर साहजिकच मी बोलायला उभा राहिलो. स्पर्धेनं माणूस एकटा पडतो, पुढच्या पिढीला गरज आहे ती एकमेकांचा हात धरून चालण्याची, असं काहीसं मी वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. त्या वेळी चहा आला होता, हेही सांगायला हवं.

तेव्हा जोडीचे गुण लागायचे होते.

लावण्या येमूल ही ऋजुताच्या जोडीची. तिचे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते आणि आई घरी विड्या वळायची. मुलगी किडकिडीत, आवाज मात्र मागावर मोठा झालेला. कारखान्याच्या खटखटाटातून बापाला डब्याची हाक मारायची सवय असल्यामुळं ती साधं "काकू, पाणी द्या की" म्हणाली तरी आमच्या वरच्या मजल्यावरचे लोक खिडकीत येत. शाळा सुटल्यावर दोघी आमच्या घरी अभ्यासाला बसत. आमच्याकडं टेबल होतं, पंखा होता आणि बाप पेपर वाचायला बाहेरच्या खोलीत होता.

तिथं बसून मला सगळं ऐकू येई.

"असं का?" लावण्या विचारायची. "मग हे सहा इथं कुठून आले? सांग की. नुसतं गप नको बसू. का आले?"

ऋजुताचं काहीतरी पुटपुटणं.

"आणि बारा असते तर? मग काय केलं असतं? सांग, सांग."

रोज हेच. तासभर लावण्या विचारते आहे आणि माझी मुलगी शांतपणे, हळू आवाजात तिला उत्तरं देते आहे. मला ऋजुताचा अभिमान वाटे आणि तिची दयाही येई. एवढा संयम मलासुद्धा नव्हता. माझ्या वर्गात कुणी "असं का?" म्हणून विचारलं असतं, तर मी त्याला बाहेर काढलं असतं. अर्थात कुणी विचारत नसे.

"या पोरीला काही म्हणजे काही येत नाही," मी विजयाला म्हणालो. विजया, माझी बायको, टेलिफोन खात्यात होती. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून आल्यामुळं माझीही ती त्याच कानानं ऐकायची.

"कशावरून?"

"ऐक ना जरा. सारखी विचारत असते."

"एकदा ऋजुतालाच विचारा की, तिला किती पडले ते."

"नऊ वर्षांच्या मुलीला मैत्रिणीची चहाडी करायला लावू? मी? उद्या ती म्हणेल, बाबांनीच शिकवलं."

विजयानं हातातली मेथी निवडत माझ्याकडं पाहिलं. "बरं," ती म्हणाली. तिच्या खात्यात तक्रार नोंदवून घेतली की असंच म्हणत असावेत.

पुढच्या शनिवारी सत्तावीस. त्याच्या पुढच्या शनिवारी तीस, आणि मग पुन्हा सत्तावीस. परीक्षा फेब्रुवारीत होती आणि नोव्हेंबर संपत आला होता. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ज्यांची मुलं आधीच्या वर्षी शिष्यवृत्तीत आली होती, त्यांनी मुलांचे फोटो छापून आलेली वर्तमानपत्राची कात्रणं टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. माझ्या काचेखाली विद्यापीठाचं वेळापत्रक होतं.

एका संध्याकाळी मी आत गेलो. दोघी टेबलाशी बसल्या होत्या. लावण्यानं स्वतःची वही ऋजुतापुढं आडवी ठेवली होती आणि पेन्सिलीनं तिच्यातल्या एका गणितावर ठोके देत होती.

"लावण्या," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, "उद्यापासून तू तुझ्या घरी अभ्यास करत जा हं. परीक्षा जवळ आलीय. ऋजुताचं फार मागं पडतंय. तिचा सगळा वेळ तुझ्यात जातो."

पेन्सिल थांबली. लावण्यानं ऋजुताकडं पाहिलं. ऋजुता टेबलावरच्या एका जुन्या शाईच्या डागाकडं बघत होती. तिचे कान लाल झाले होते. मैत्रिणीचा अपमान तिला सहन होत नाही, असं मी मनाशी टिपून ठेवलं. मुलगी हळवी आहे.

"माझ्यामुळं मार्क कमी येतात, काका?" लावण्यानं विचारलं.

"तसं नाही गं. पण आता तूच बघ."

तिनं पुन्हा ऋजुताकडं पाहिलं. ऋजुताचं तोंड उघडलं. लावण्यानं टेबलाखालून तिला पाय मारला, तो मला दिसला. मला तो खोडकरपणा वाटला.

"बरं काका," ती म्हणाली. दप्तर भरलं, चपला घातल्या आणि दारातून तिच्या त्या आवाजात म्हणाली, "ऋजा, सातवं राहिलंय बघ. उलट्या बाजूनं कर."

जाता जाताही हिला सातवं येत नाही याची काळजी, मी मनाशी म्हटलं.

पण घरी येणं बंद झालं तरी फळ्यावरची जोडी होतीच. चाचणीत तेवीस पडले. मी बाईंकडं जोडी बदलून मागितली. बाई म्हणाल्या, एकाची बदलली तर सगळ्यांची बदलावी लागेल. तेव्हा मी सगळ्यांकडं गेलो.

आणि मला असा शोध लागला की अकरा जोड्यांमध्ये बावीस मुलं होती आणि बावीसही हुशार होती. प्रत्येकाच्या शेजारी मात्र एक ढ बसवलेला होता. डॉक्टर बलदवांचा मुलगा जोडीदारामुळं एक्केचाळीसवर अडकला होता. त्या जोडीदाराच्या वडिलांनी, त्यांचं पार्क चौकात औषधांचं दुकान होतं, मला आत बोलावून कुलूप लावल्यासारख्या आवाजात सांगितलं, "सर, डॉक्टरसाहेबांना बोलता येत नाही, आमचे संबंध आहेत. पण पोरगा त्यांचाच कच्चा आहे." त्यांनी आनंदानं सही केली. त्याखाली डॉक्टरांनीही केली.

अर्ज मीच लिहिला. माझं मराठी चांगलं आहे. 'एकाच्या उणिवेचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर देणे हे शैक्षणिक न्यायाला धरून नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या पायांवर उभे राहावे व आपापलेच गुण मिळवावेत.' चार दिवसांत एकवीस सह्या झाल्या. सहकार शिकवण्यात तोवर माझी तेवीस वर्षं गेली होती, पण त्या विषयाचं यशस्वी प्रात्यक्षिक मी एवढं एकच केलं.

बाविसावी सही लावण्याच्या वडिलांची हवी होती. ते दुपारपाळीला असतात, भेटणार नाहीत, असं मी ठरवलं आणि गेलो नाही.

मुख्याध्यापक शेटे सरांनी अर्ज वाचला, एकवीस सह्या मोजल्या आणि डॉक्टर बलदवांच्या सहीपाशी थांबून चष्मा काढला. त्याच आठवड्यात बाईंना आदेश गेला.

डिसेंबरचा तो दुसरा शनिवार. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात नेहमीपेक्षा जास्त पालक होते. दुपारी घ्यायला शक्यतो आया येत, पण त्या दिवशी वडील आले होते. वर्गाच्या दाराला एक कागद लावला होता. बाईंचं अक्षर टपोरं. बावीस नावं, प्रत्येकापुढं त्याचे त्याचे गुण, वरून खाली.

आपलं नाव शोधताना माणूस वरून सुरुवात करतो. पहिलंच नाव लावण्या यल्लप्पा येमूल. अठ्ठेचाळीस.

चूक आहे, मला वाटलं. नावं उलटसुलट झाली असतील. मी खाली गेलो. दुसरा, तिसरा, आठवा. डॉक्टरांचा मुलगा दहावा होता आणि डॉक्टर माझ्या शेजारी उभे राहून खिशातल्या किल्ल्या वाजवत होते. औषधवाल्यांचा मुलगा चौथा होता. मी तेराव्यावर आलो, सोळाव्यावर आलो. तिथं एकदा वाटलं, कदाचित ऋजुताचं लिहायचंच राहिलं. बाईही माणूस आहेत.

एकोणिसावी. ऋजुता श्रीधर उपळेकर. एकवीस.

मागून बाई आल्या. त्यांच्या हातात तीच वही होती. या वेळी त्यांनी ती मला विचारून दिली नाही, नुसती हातात ठेवली. जूनपासूनच्या ओळी होत्या. लावण्या चव्वेचाळीस, सेहेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस. ऋजुता अकरा, चौदा, सोळा, एकोणीस, बावीस, पंचवीस, अठ्ठावीस. नोव्हेंबरमध्ये एकोणतीस, सत्तावीस, तीस, सत्तावीस. मग तेवीस. मग आज.

"अकरापासून तिसावर आणली होती तिनं," बाई म्हणाल्या. 'तिनं' म्हणजे कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही.

"बाई, मला वाटलं..."

"हो सर. अर्जात आहे ते. मी वर्गात वाचून दाखवला अर्ज. मुलं विचारत होती, जोड्या का मोडल्या."

"पुन्हा नाही का लावता येणार? मी शेटे सरांशी बोलतो."

"बोला की. पण आता पालकांनाच नको आहे, सर. पहिली सही तुमचीच आहे."

आत वर्गात बाकांवर मुलं दप्तरं आवरत होती. मी पाहिलं, जिथं दोन-दोन मुलं बसत तिथं मधे दप्तर उभं केलेलं होतं. भिंतीसारखं. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी ऋजुताला काही विचारलं नाही. ओरडलोही नाही. विजयानं कागदाचं ऐकून घेतलं आणि पुन्हा "बरं" म्हणाली, पण या वेळचं 'बरं' तिच्या खात्यातलं नव्हतं. मग ती म्हणाली, "आता लावण्याच्या घरी जा. ऋजूला घेऊन जा. आणि व्याख्यान देऊ नका."

रविवारी सकाळी ऋजुताला घेऊन मी अशोक चौकापलीकडं येमूलांच्या घरी गेलो. एका खोलीपुढं ओटा, ओट्यावर लावण्याची आई सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसलेली. तिच्या बोटांचा वेग आम्ही आल्यावरही कमी झाला नाही.

"या सर, या. लावण्या, कोण आलंय बघ." मग आत वळून ती तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि सुपावरचं फडकं झटकून माझ्यासाठी पाट सरकवला. तिला काहीच माहीत नव्हतं. "तुमच्याकडं येत नाही आता, म्हणते अभ्यास जास्त हाय. त्रास देती काय ओ तुम्हाला?"

"नाही, नाही. उलट..." मी म्हणालो आणि पाटावर बसलो.

लावण्या दारात आली. तिच्या हातात वही होती. वहीत काय लिहिलंय ते पाहायला मी जरा वाकलो, तर तिनं वही मिटून पोटाशी धरली.

"लावण्या, काकांचं चुकलं," मी म्हणालो. एवढं सोपं वाक्य मी त्याआधी कधी उच्चारलं होतं, ते आठवत नाही. "तू पुन्हा ये आमच्याकडं. पूर्वीसारखी. ऋजुताला तू शिकवत होतीस, मला कळलंच नाही."

लावण्यानं ऋजुताकडं पाहिलं. ऋजुता माझ्या मागं उभी होती.

"बाई परत जोडीचे लिहिणार हायत?" लावण्यानं विचारलं.

"नाही. आता ज्याचे त्याचे."

"मग कसं येऊ काका?"

"कसं म्हणजे?"

"ज्यानं त्यानं आपापल्या पायावर उभं राहायचं हाय की. आपापलेच गुण मिळवायचे. बाईंनी वाचून दाखवलं." ती हे टोचून बोलत नव्हती. धडा पाठ झालाय का विचारल्यावर मुलं जसं म्हणून दाखवतात, तसं म्हणून दाखवत होती. "तिला शिकवलं आणि ती माझ्या पुढं गेली तर माझा नंबर खाली जाईल. जोडीत जात नव्हता."

"लावण्या!" तिची आई म्हणाली. "असं बोलतेत का सरांना?"

"खोटं हाय काय अम्मा?"

मी सहकाराचा प्राध्यापक. त्यावर काहीतरी बिनतोड उत्तर असणार, असा माझा तेवीस वर्षं समज होता. पाटावर बसून मी ते शोधलं. माझ्या नोट्समध्ये ते नव्हतं.

लावण्याच्या आईनं चहा केला. आम्ही तो घेतला. दोघी मुली ओट्याच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मधेच लावण्या म्हणाली, "ऋजा, सातवं केलंस?" आणि ऋजुता म्हणाली, "नाही आलं." लावण्याचा हात वहीकडं गेला. वही थोडी उघडली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि वही मिटली.

परत येताना कारखान्यांच्या गल्लीतून चालत आलो. रविवार असूनही कुठंतरी एक माग चालू होता.

"ऋजू," मी म्हणालो, "तू मला सांगितलं का नाहीस? ते कमी मार्क तुझे आहेत म्हणून?"

तिनं रस्त्यातला एक खडा पायानं पुढं ढकलला.

"मी सांगणार होते. त्या दिवशी. लावण्यानं पाय मारला."

"का पण?"

"आमचं आधीच ठरलं होतं. ती म्हणाली, तुझे बाबा माझ्यावर चिडले तर मी माझ्या घरी जाईन. तुझ्यावर चिडले तर तू कुठं जाशील?"

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला. थोडं पुढं गेल्यावर चप्पल नीट करायला म्हणून तो सोडवून घेतला आणि मग तो पुन्हा दिला नाही.

शिष्यवृत्तीचा निकाल जूनमध्ये लागला. लावण्या जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत आली. तिचा फोटो आला, ते कात्रण आमच्या घरी ऋजुतानं कापून ठेवलं, कुठं ठेवलं ते मला माहीत नाही. पाचवीत दोघी वेगवेगळ्या शाळांत गेल्या. ऋजुता आता तीस वर्षांची आहे, पुण्यात असते, माझ्याशी नीट बोलते. आपले मार्क ती मला त्यानंतर नेहमी विचारायच्या आधीच सांगत आली. पगारसुद्धा. कमी असला तर आधी.

पण मला आठवतो तो त्या रविवारनंतरचा सोमवार. पहिलाच तास माझा होता, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सव्वाशे मुलं. मी नोट्स उघडल्या, टेबलावर हात ठेवले आणि म्हणालो, "लिहून घ्या. सहकाराची तत्त्वे. तत्त्व पहिले."

मुलांनी लिहून घेतलं. मी मधेच थांबलो. "कुणाला काही विचारायचंय?" मी म्हणालो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

सव्वाशे माना वर झाल्या. मुलं एकमेकांकडं पाहू लागली. सरांना बरं नसावं, असं कुणीतरी कुजबुजलं. मग पहिल्या बाकावरचा एक जण भीत भीत उभा राहिला.

"सर," त्यानं विचारलं, "हे परीक्षेला आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. "तत्त्व दुसरे."